दुसरा डोस

प्रबोधने आयुष्यात एकच नियम हट्टाने पाळला आणि तोच त्याच्या मानगुटीवर बसला.

सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत तो गोऱ्ह्यांसाठी लस बनवत होता. मांसासाठी पाळलेले गोऱ्हे खच्ची करताना सुरी चालवतात, आणि बहुतेक ठिकाणी भूलही देत नाहीत. ती सुरी सुटावी म्हणून ही खटपट. लसीचे दोन डोस दिले की शरीर नर-संप्रेरक बनवणंच थांबवतं आणि जनावर शांत होतं. नागपूरहून आई, लीलाबाई, फोनवर म्हणाली होती, "मुक्या जिवाला दुखवायचं नाही, हे तर धम्माचंच काम आहे रे." तेवढ्या एका वाक्यावर या माणसाने हाडाची काडं केली.

पण सिंगापुरात गोठे कुठले? चाचणी ऑस्ट्रेलियातल्या एका कुरणावर चालायची. प्रबोधचा नियम असा की दोन्ही डोस एकाच माणसाने द्यायचे, म्हणजे निष्कर्षांत फरक पडायला नको. पहिल्या फेरीत सुई घसरली ती त्याच्याच अंगठ्यात. पहिल्या डोसने काही बिघडत नाही, काम करतो तो दुसरा. म्हणून एकदा टोचलेल्याने पुन्हा सिरिंज हातात धरायची नाही, असं तो सगळ्यांना बजावत असे. पण ऐन वेळी हात बदलला तर वर्षाची मेहनत पाण्यात जाईल, म्हणून दुसऱ्या फेरीलाही हाच उभा राहिला. सांभाळून करू, म्हणाला. खोड्यात अडकवलेल्या गोऱ्ह्याने हिसका दिला आणि सुई त्याच्या तळहातात रुतली. अख्खी सिरिंज त्याच्या हातात रिकामी झाली होती.

परतल्यावर काही आठवड्यांनी गोऱ्ह्यांच्या रक्ताबरोबर त्याने आपलंही रक्त तपासणीला लावलं. त्याचा प्रमुख निहार निकाल बघून खूश झाला.

"हा शेवटचा नमुना बघ, संप्रेरक जवळजवळ शून्य. कुठला गोऱ्हा हा?"

"आहे एक," प्रबोध म्हणाला. निहारने त्याची पाठ थोपटली. आपली लस कुचकामी निघावी असं प्रबोधला जन्मात पहिल्यांदा वाटलं होतं, आणि तेवढंही त्याच्या नशिबी नव्हतं.

यिशुन भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्याची बायको विनीता बँकेतून लवकर येऊन बसली होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, ती चाळिशीला टेकली होती, आणि पुढच्याच आठवड्यात आयव्हीएफची तारीख होती. आता उशीर करू नका, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. प्रबोधने काही लपवलं नाही. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"गोऱ्ह्यांवरचा असर कधी उतरतो?" तिने विचारलं.

"काही महिन्यांत. काहींचा उतरतच नाही."

"आणि माणसांत?"

"माणसांवर कोणी करून पाहिलेलं नाही, विनू."

ती उठली आणि तारीख पुढे ढकलायला तिने हॉस्पिटलला फोन लावला. नाव सांगितलं, कारण सांगितलं नाही. मग फोनवर हात ठेवून ती प्रबोधकडे वळली.

"कधीची देऊ, विचारतायत."

जगात ही लस त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. ती फोन धरून वाट बघत राहिली.