नऊ वॅटची ऊब

मार्गशीर्षात आमच्या घरात अंडं शिजत नाही. नियम माझ्या बायकोचा, हेमलतेचा. केंद्र सरकारच्या मंत्रालयात पस्तीस वर्षं मी नियमांना वळसा घालण्याचाच पगार घेतला, त्यामुळे तो मला कधी जाचला नाही.

नेमक्या त्याच महिन्यात तानूबाई तिच्या तीन कोंबड्या आमच्याकडे ठेवून गेली. तिचा नवरा कृष्णात कॅन्टोन्मेंटमध्ये हवालदार. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला काला अंबच्या मराठा स्मारकाला जाणाऱ्या बसमध्ये ओळख झाली, तेव्हापासून आम्ही तिचे काका-काकू. लेकीच्या बाळंतपणाला ती गावी निघाली होती, तिच्या घरचं खुराडं मोडलेलं, आणि मयूर विहारात आमचा तळमजला, मागे हातभर अंगण.

"सांजच्याला मूठभर मका, सकाळी कोमट पाणी. खुराड्याला पोतं लावा, पण वरची फट बुजवू नका." मग पिसं झडलेल्या थोरल्या तांबडीला कुरवाळत म्हणाली, "ही माझ्या सासूच्या हातची हाय. थंडीत सुट्टीवर असती. हिच्याकडं अंडी मागू नका."

"छे, आम्ही कशाला मागतोय."

मागितली नाहीतच. फक्त व्यवस्था केली.

मोबाईलवर वाचलं, की दिवस लहान झाला की कोंबडी अंडी द्यायचं थांबवते; पहाटे दिवा लावला तर तिला उन्हाळा आल्यासारखं वाटतं. नोकरीत मी इतक्या माणसांना खोटी आशा दाखवली होती, तिथे तीन कोंबड्या काय जड. खुराड्यात नऊ वॅटचा एलईडी टांगला. हेमलतेला सांगितलं, ऊब मिळावी म्हणून.

"किती करता हो त्यांचं," ती म्हणाली. मी नम्रपणे मान खाली घातली.

पंधरवड्यात पहिलं अंडं आलं. पाणी कोमट करायला किटली अंगणात होतीच; त्यातच अंडं उकडलं. घरात शिजलं नाही, हे महत्त्वाचं. खिशात औषधाच्या डबीत मीठ, टरफलं गुलाबाच्या कुंडीत. गुलाबही बरा फुलला.

मग तांबडीनंही घातलं. कवच नव्हतंच, नुसती पातळ कातडी. ते मी खाल्लं नाही, आणि त्या संयमाचं मला कौतुकही वाटलं. बल्ब मात्र काढला नाही. तीन दिवसांनी ती शेपटी पाडून कोपऱ्यात बसली आणि कण्हल्यासारखी जोर करायला लागली. टोपलीत घालून तिला डॉक्टरकडे नेलं.

"अंडा फँस गया है," तो म्हणाला. "इस उमर में इससे अंडे क्यों ले रहे हो, अंकल?"

परतताना ऑटोत, माझ्या मफलरमध्ये, ती गेली. ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं आणि मीटर बंद केला. मला ते फार लागलं.

तानूबाईला फोनवर सांगितलं, थंडीनं गेली.

"वाईट वाटून घेऊ नका, काका. तुमी काय कमी केलं असंल?"

ह्याचं नेमकं उत्तर माझ्याकडे होतं.

आता बल्ब काढावा तर हेमलता विचारणार, दोघी अजून थंडीत आहेत, त्यांची ऊब का काढली? म्हणून तो जळतच राहिला. त्या दोघी अंडी देत राहिल्या. मी ती खाल्ली नाहीत. गुपचूप गेटवरच्या चौकीदाराला देत गेलो. त्यानं मला देवमाणूस ठरवलं.

पौष लागला आणि तानूबाई आली. सकाळचं धुकं होतं, बल्ब चालू. हेमलता चहा घेऊन अंगणात आली.

"हा दिवा बघ," ती म्हणाली. "पहाटे उठून लावतात. ऊब मिळावी म्हणून."

तानूबाईचे डोळे भरून आले. थंडीतून आलेली; तिनं हात शेकायला सरळ बल्बवर ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला.

"काका, हा तर गार हाय."

मी हेमलतेकडे पाहिलं, मग चहाकडे. "अंड्यांसाठी लावला होता," मी म्हणालो. "तांबडी थंडीनं नाही गेली. तिला अंडं अडकलं."

तानूबाईनं बल्बवरचा हात काढून घेतला.

"मला सांगायचं हुतं," ती म्हणाली. "जायच्या आधी दुकानातली डझनभर आणून दिली असती की."

हेमलतेनं माझा चहा उचलून आत नेला.

तानूबाईनं नुसत्या हातानं बल्ब फिरवून काढला आणि पिशवीत टाकला.

"आमच्या ह्यांच्या हातून घरचं खुराडं दुरुस्त हुईस्तोवर दोघी आठ दिस हितंच राहू द्यात," ती म्हणाली. "बल्ब मी नेते."