मोटारीचं अस्तर

जुनं अस्तर मी तासाभरात फाडून काढलं, आणि पहिला घोळ तिथंच घातला.

माझं नाव भावसिंग. आमचा तांडा नेरपासून दोन मैलांवर. आजा-पणजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. मी एक जुनी मोटार घेऊन फिरतो, एवढाच काय तो फरक. बूड एका जागी टिकत नाही, हा गुण मात्र वारशानं आलाय. घरात आम्ही गोरमाटीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत बोलतो, पण ते तुम्हाला कळायचं नाही, म्हणून ते बोलणं इथं वऱ्हाडीत सांगतो.

मोटार चौतीस सालची, काळी. यवतमाळच्या एका जिनिंगचा मॅनेजर गाव सोडून चालला होता, त्याच्याकडून छप्पन साली घेतली. इंजिन खणखणीत, पण छताचं आतलं अस्तर म्हणजे लाज होती. कापड कुजून लोंबत होतं, आणि खड्डा आला की जुन्या कापसाचा भुगा बसणाऱ्याच्या डोक्यावर पडायचा. तीन वर्षं मी ते चालवून घेतलं. पण एकोणसाठच्या वैशाखात माझ्या लालीचं लग्न निघालं, कळंबकडच्या तांड्यात. लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा मी सगळ्यांना सांगून टाकलं, की पोरगी सासरी जाईल ती मोटारीतून, बैल नको, आणि तिच्या ओढणीवर भुग्याचा कण पडणार नाही.

लोकांना वाटलं, बापाची हौस. हौस कसली डोंबलाची! आमच्यात नवरी निघते तेव्हा तिला बैलाच्या पाठीवर उभी करतात. तिथून दोन्ही हात वर करून ती हवेली गाते. हवेली म्हणजे निरोप. आईला, भावंडांना, तांड्याला, एकेकाचं नाव घेऊन. सूर जुना, पण शब्द तिचे स्वतःचे. जन्मभर जे बोलता आलं नाही ते पोरगी त्या दिवशी साऱ्या तांड्यादेखत बापाला सुनावू शकते, आणि बापानं मान खाली घालून ऐकायचं असतं. मला लालीची हवेली ऐकायची नव्हती. बैल नाही तर हवेली नाही, इतकी साधी माझी अक्कल चालली होती.

भीती कशाची होती तेही सांगतो. छप्पन साली लाली नेरच्या शाळेतून सातवी पास झाली. मास्तर स्वतः तांड्यावर आले आणि म्हणाले, हिला यवतमाळला मुलींच्या शाळेत घाला. सतरा मैलांचा रस्ता. मी छाती काढून म्हटलं, मोटार घेतोच आहे, रोज नेऊन सोडीन. मोटार आली. पहिल्या वर्षी कापसाच्या हंगामात व्यापाऱ्यांच्या फेऱ्या होत्या. दुसऱ्या वर्षी रस्त्याच्या कामावरचे साहेब न्यायचे होते. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की. मग लालीनं विचारायचं सोडून दिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प राहिली, आणि ते गप्प राहणं हवेलीत बाहेर पडणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

तर अस्तर. यवतमाळचा जलाल मेकॅनिक माझा जुना दोस्त. त्याच्याकडं गेलो तर म्हणाला, "भावसिंगभाऊ, इंजिन सांग, गिअर सांग. कपड्याचं काम मले येत नाई. पन तूच करशीन. एकच ध्यानात ठेव, जुनं अस्तर नीट उसवून काढ. त्याच्यावरून नवं बेतता येते."

मी मान हलवली, तांड्यावर आलो आणि अस्तर ओरबाडून काढलं. हातात राहिल्या चिंध्या. बेतायला काही उरलं नाही.

वर पाहिलं तर आणखी एक मौज. मला वाटत होतं मोटारीचा वरचा टप सगळा लोखंडी आहे. तो कडेनंच लोखंडी होता. मधल्या भागात लाकडाच्या पट्ट्या, त्यांच्यावर तारेची जाळी, जाळीवर कापूस, आणि सगळ्यात वर डांबरी कापड. तीन पट्ट्या इतक्या कुजल्या होत्या की बोट लावलं तर भुसा पडे. मी त्या काढून फेकल्या. दोन दिवसांनी जलाल सहज पाहायला आला आणि म्हणाला, "नव्या पट्ट्या टाक. सागाचं लाकूड मी देतो."

"कायले? वर कोन नाचनार हाय?" मी म्हटलं. पट्ट्या बसवायच्या तर एक दिवस गेला असता, आणि मला एका जागी एक दिवस म्हणजे जन्मठेप वाटत होती.

यवतमाळहून राखी रंगाचं सुती कापड आणलं. मापाला लाली आली. मी काही म्हटलं नव्हतं, ती आपणच खडू घेऊन आली. आत पाच लाकडी कमानी होत्या, प्रत्येकीची लांबी वेगळी. तिनं एकेक मोजली, खडूनं आकडे घातले, अंगणात कापड पसरून त्याच्यावर रेघा मारल्या. माझी बायको मानीबाई त्या रेघांवर कापडाच्या पट्ट्या शिवत गेली, म्हणजे त्या पट्ट्या कमानींना ठोकल्या की खालून खिळा दिसत नाही. अर्ध्या दिवसात मायलेकींनी काम उरकलं. मी मधे चार वेळा उठून विहिरीपर्यंत जाऊन आलो.

"बसत काहून नाई एका जागी?" मानीबाई म्हणाली. "पोरगी आठ दिवसाची पाहुनी. तिच्यापाशी बस."

"छत कोन करन मंग?" मी म्हटलं.

ठोकायचं काम आत मोटारीत, उताणं पडून. सीट काढून टाकल्या होत्या. बारीक काळ्या खिळ्यांना आम्ही चुका म्हणतो. मूठभर चुका तोंडात धरायच्या, जिभेनं एकेक पुढं आणायची आणि ठोकायची. लाली माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी कापड वर ताणून धरायची. पुढून सुरुवात केली, मागं घडी पडली. काढलं. मागून सुरुवात केली, डावीकडं झोळ आला. पुन्हा काढलं. वैशाखातलं ऊन, पत्रा तापलेला, घाम कानात जात होता.

तिसऱ्यांदा ठोकताना तिनं विचारलं, "बापू, एक बोलू का?"

मी पटकन तोंडात चुका भरल्या. इतक्या, की ओठ मिटेनात. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हातोडी वर करून खूण केली, की काम चालू आहे, बोलता येत नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि कापड ताणून धरलं.

असं तीन दिवस चाललं. ती बोलायला तोंड उघडी आणि मी भरी. मला माझीच लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी असते. चुका तोंडात असल्या की माणसाला चुकीबद्दल बोलावं लागत नाही, ही सोय मला त्या वेळी फार बरी वाटली.

अस्तर लागलं, पण ढिलं. मधे पोट सुटलेल्या सावकारासारखं खाली आलेलं. जलाल हसला. "कोरं कापड हाय ना? पान्याचा हबका मार आन् वाळू दे." मारला. संध्याकाळपर्यंत कापड आखडून असं ताणून बसलं की एक सुरकुती सापडेना. सगळा तांडा मोटारीत डोकं घालून पाहून गेला. मीही मिशीवर ताव दिला, खोटं कशाला बोलू?

लग्न लागलं. निघायचा दिवस उजाडला. मी सकाळीच मोटार मांडवापुढं आणून लावली आणि स्टिअरिंगच्या चाकामागं जाऊन बसलो. जावई माझ्या शेजारी बसला. मागं त्याची मावशी चढली. आता लाली बसली की दार लावायचं आणि निघायचं. नेरचा नाका येईपर्यंत मागं वळून पाहायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

पण माझी आत्या हंसाबाई मोटारीपुढं येऊन उभी राहिली. सत्तरी ओलांडलेली, कमरेत वाकलेली, पण तांड्याचा मुखिया म्हणजे नायक, तोही तिच्यापुढं बोलत नाही.

"हवेली कुठं झाली?" तिनं विचारलं.

"बैल नाई ना आत्या," मी खिडकीतून म्हटलं. "मोटार हाय. उशीर होऊन राह्यला."

आत्यानं मोटारीभोवती एक फेरी मारली. समोरच्या दिव्यांवर हात फिरवला. मग म्हणाली, "बैल ओझं वाहते, हे बी वाहते. बैलाले दाना लागते, ह्याले तेल लागते. मंग हा बैलच झाला!"

बायकांना तेवढंच हवं होतं. कोणी दोन्ही दिव्यांना शिंगांना लावावं तसं कुंकू लावलं, कोणी पुढच्या नाकाडाला झूल बांधली. मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत चार जणींनी लालीला उचलून टपावर चढवलं. माझ्या डोक्यावर तिची पावलं वाजली. मी म्हणायला हवं होतं, की मधे पाय ठेवू नको. पण ते सांगायचं तर पट्ट्यांचं सांगावं लागलं असतं.

लालीनं सूर लावला. आधी याडीचं, म्हणजे आईचं नाव घेतलं. मग मैत्रिणींचं, मग विहिरीचं. बाहेर बायका रडू लागल्या. मी चाक घट्ट धरून बसलो. मग ती वळली असावी, कारण वरून कट्ट आवाज झाला. डांबरी कापड फाटलं, जाळी वाजली, आणि माझ्या आठ दिवसांच्या अस्तरातून लालीचा पाय गुडघ्यापर्यंत खाली आला. पैंजण, हळद, आणि पोटरीवर तारेचा लाल ओरखडा.

बाहेर एकच ओरडा झाला. जावई दार उघडून उतरला. मी मागं वळून सीटवर गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी तिचं पाऊल धरलं. तुटलेल्या तारा पोटरीला टेकल्या होत्या. हलली असती तर मांसात घुसल्या असत्या.

"लाली, हालू नको!" मी खालून ओरडलो. "धरलं हाय म्या!"

हवेली अर्धी सोडत नाहीत. तिनं पुन्हा सूर धरला, आणि आता माझं नाव घेतलं.

"बापू," ती गात होती, "तू मोटार आनली. तिच्यात कापसाचा शेठ यवतमाळले गेला. साहेब गेला, साहेबाचा कुत्रा गेला. नायकाची म्हातारी दवाखान्यात गेली. मी दारात उभी राह्यली, बापू, मी दारात उभी राह्यली. आज माही बारी आली. आज मोटार शाळेच्या पुढून जाऊन राह्यली."

पाऊल सोडता येत नव्हतं. कानांवर हात ठेवायला हात मोकळे नव्हते. तिचा प्रत्येक श्वास मला तळव्यातून कळत होता, आणि मी रडत होतो, अगदी हमसून, सासरची मावशी समोर बसलेली असताना. एकही शब्द खोटा नव्हता. साहेबाचा कुत्रासुद्धा खरा होता.

हवेली संपली. मग मी खिशातला चाकू काढून अस्तर फाडलं, तारा एकेक वाकवल्या आणि पाय मोकळा केला. मानीबाईनं ओरखड्यावर हळद दाबली. लाली मागं बसली. तिच्या ओढणीवर कापसाचा भुगा पडलेला होता. मी पुन्हा चाकामागं बसलो, आणि या वेळी माझं तोंड रिकामं होतं.

कळंबचा रस्ता यवतमाळातूनच जातो. सतरा मैल मी फाटक्या छतातून येणाऱ्या वाऱ्याचा आवाज ऐकत होतो. जावई पेंगायला लागला होता. मुलींच्या शाळेची भिंत दिसली तेव्हा माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला गेला.

"बापू," मागून लाली म्हणाली, "हळू चालव."

मी पाय काढला. फाटकाला कुलूप होतं, आवारात कडुनिंबाचा पाला पडलेला, माणूस एक नाही.

"सुटी हाय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मले मालूम हाय. तरी बी हळू चालव."

मी पहिल्या गिअरमध्ये गाडी नेली. भिंत लवकर संपावी असं मला वाटत होतं आणि संपू नये असंही. आरशात पाहिलं, तर ती खिडकीवर हनुवटी टेकवून शाळेकडं पाहत होती. रडत नव्हती. वर्गांच्या खिडक्या एकापाठोपाठ मागं गेल्या.

भिंत संपली. तिनं तोंड आत घेतलं, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "चाल आता."

मी दांडा धरला, पण मला दुसरा गिअर सापडेना.