शिंगाची फणी आणि बनूचे डोळे

मित्रांनो, मी एक जुनी फणी आहे. म्हशीच्या शिंगाची, दोन्हीकडे बारीक दातांची. नाक मुरडू नका. ज्याच्या डोक्यात कधीच ऊ झाली नाही त्याने खुशाल उठून जावे. बघू किती जण उठतात ते.

नगरच्या एका कारागिराने मला घडवले आणि शेवगावच्या बाजारात मुक्ताबाईने निवडून घेतले. माझ्या दातांवरून नख फिरवून पाहिले तिने, मोठी चिकित्सक बाई. तिची थोरली पोर बनू. बनू अंगणात उन्हाला पाठ करून आईपुढे बसायची आणि मी तिच्या केसांतून उवा-लिखा ओढून काढायची. "लई कामाची फणी हाय," असे मुक्ताबाई शेजारणींना सांगे. मला फार बरे वाटे.

पुढे दुसऱ्या महायुद्धाची वर्षे आली. एका माघात ज्वारी काढायला माणसे मिळेनात. घरचे सगळे दिवसभर रानात, आणि मी कोनाड्यात धूळ खात. पोरे एकाच वाकळेत निजायची; उवांना आणखी काय हवे? बनूचे डोके नुसते बुजबुजून गेले. नेमका तेव्हाच कोल्हारहून निरोप आला, परवा मुलगी पाहायला येतो.

आमच्याकडे पाहायला आलेल्या बायका मुलीची वेणी सोडून केस बघत. मुक्ताबाईचा जीव टांगणीला लागला. "ऊ दिसली तर सोयरीक मोडंल, आन गावभर बोभाटा हुईल," ती म्हणाली. माझे काम सावकाशीचे. लिखा फुटून पुन्हा उवा होतात, म्हणून रोज विंचरावे लागते. तेवढा धीर कुणाला होता? उवांवर चोळायला रॉकेलही मिळत नव्हते. शेजारची कडूबाई म्हणाली, "सीताफळाच्या बिया वाटून लाव. सकाळपातूर समद्या मरत्यात."

मुक्ताबाईने बिया वाटून लेप थापला, वर फडके करकचून बांधले. सकाळी न्हाणीत पाणी ओतताच लेप ओघळून बनूच्या डोळ्यांत गेला.

"आये, डोळं जळत्यात गं."

"कळ काढ जरा. डोकं धुऊन निघू दे आधी."

तांब्यातले पाणी केसांवरच पडत राहिले. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हा बनूचे डोळे सुजून मिटलेले होते. चहा न घेताच ते परतले. घरातल्यांनी आधी एरंडेल घालून पाहिले, मग गाडी जुंपून नगरच्या दवाखान्यात नेले. तोवर दोन्ही बुबुळांवर पांढरे फूल पडले होते. उजेड आहे की अंधार, एवढेच तिला कळू लागले.

मित्रांनो, मला अजून राग येतो. ऊ कुणालाही होते, त्यात लाज कसली? उन्हात बसा, रोज थोडे विंचरा, आणि लेकराने डोळे जळतात म्हटले तर हातातले सगळे टाकून आधी ते धुवा.

सोयरीक पुन्हा आली नाही. मुक्ताबाई आता रोज बनूला घेऊन बसते आणि मला तिच्या स्वच्छ केसांतून फिरवते.

"अजून हायेत का गं, आये?" बनू विचारते.

"हायेत," मुक्ताबाई म्हणते, आणि पुन्हा पहिल्यापासून विंचरू लागते.