हलगी वाजत असताना लावलेली नळी

निवडणुकीचा निकाल लागून आठ दिवस झाले होते. हिंगोलीत निवडून आलेल्या डॉक्टर शिवशंकर यांच्या घरी हार घेऊन आलेल्या माणसांची रांग होती. त्या रांगेत पुसेगावचा ज्ञानबा रिकाम्या हातांनी उभा होता. नंबर आला तेव्हा तो म्हणाला, "सायब, पंचफुला गेली. परवा."

पंचफुलाबाई त्याची बायको. ऑपरेशनची तारीख दिली होती, तिला औरंगाबादला का नेले नाही, असे डॉक्टरांनी विचारले.

"तुमीच नळी लावून बरं हाय म्हनलात. मंग काहून नेऊ?"

मित्रांनो, ती नळी म्हणजे मी. छातीतला आवाज डॉक्टरांच्या कानापर्यंत पोचवायचा, एवढेच मला येते. त्या दिवशी मी डॉक्टरांच्या गळ्यातच होते. त्यांचा हात माझ्यावर आला आणि तिथेच राहिला.

डॉक्टर मूळचे हट्टा गावचे. छाती उघडून हृदयाचे ऑपरेशन करणारे ते आमच्या भागातले पहिलेच. ते औरंगाबादेत काम करत, पण महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी जवळा बाजारला येत आणि शाळेच्या एका खोलीत माणसे तपासत. तेव्हा ते दार लावून घेत. पंखा बंद करत. कुणी खोकले तर खोकला थांबेपर्यंत वाट बघत. तिथेच त्यांनी पंचफुलाबाईला डाव्या कुशीवर वळायला लावले आणि मी तिच्या छातीतली बारीक घरघर त्यांच्या कानात सोडली. हृदयाची एक झडप आखडली होती. डॉक्टरांनी गणपती उठल्यानंतरची तारीख दिली. ज्ञानबा बरं म्हणाला. ती मात्र ऑपरेशनला फार भ्यायची.

ते १९९९ साल. हिंगोली नवा जिल्हा झाला होता. इथेच हृदयाचा दवाखाना व्हावा म्हणून डॉक्टर निवडणुकीला उभे राहिले. त्यांच्या मनात दुसरे काही नव्हते, हे मी शपथेवर सांगते.

प्रचाराची गाडी जळबा नावाच्या कार्यकर्त्याकडे होती. नळी गळ्यातून काढायची नाही, असे त्याने डॉक्टरांना बजावले होते. गावोगाव माणसे ओवाळायला येत आणि छातीला नळी लावा म्हणत. डॉक्टरांना नाही म्हणवत नसे. जळबा फोटो काढवून घ्यायचा. मला फार बरे वाटायचे. इतकी माणसे मला कधीच विचारत नव्हती.

पुसेगावात पंचफुलाबाई ताट घेऊन पुढे आली. कुंकू लावता लावता म्हणाली, "मत मागून राहिलात, तर माझ्या छातीत काय चाललंय तेबी आयका."

सगळे हसले. एवढ्या गर्दीत डॉक्टरांनी तिला ओळखले नाही, मला लुगड्यावरूनच टेकवले. शेजारी हलगी वाजत होती. माझ्यातून हलगीच गेली, दुसरे काही गेले नाही. फोटोवाला थांबलाय, असे जळबा म्हणाला. डॉक्टर हसून म्हणाले, "बरं हाय."

त्यांनी ते सगळ्यांनाच म्हणायचे तसे म्हटले होते. तिने ते तपासणी समजून घरी नेले. गणपती उठले, तारीख आली तशी गेली. सायबांनी स्वतः बघितलंय, आता काय करायचं जाऊन, असे ती ज्ञानबाला सांगत राहिली. त्यालाही तेच ऐकायचे होते.

त्या दिवशी रांगेसमोर डॉक्टर त्याची माफी मागू लागले. ज्ञानबाने त्यांना थांबवले.

"माफीचं राहू द्या. आमच्या गावात अजून सात जनांना तुमी तशीच नळी लावली. ती घरात बसून हायेत, बरं हाय म्हनून."

डॉक्टर खुर्चीवर बसले. सात एका गावात. प्रचारात किती गावे झाली होती, हे मला माहीत होते. नावे कुणीच लिहून ठेवली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात ते पुसेगावला गेले. ज्ञानबा पुढे चालून घरे दाखवत होता. त्या सातांतली भिकाबाई दारातच म्हणाली, "आता काहून आलात सायब? मत तर दिलं."

"मागच्या बारीला आयकलं न्हाई, म्हणून आलो."

तिने कोंबड्या बाहेर हाकलल्या, नातवंडांना बाहेर काढले आणि दार लावले. तिची छाती बरी निघाली. पण त्या सातांपैकी एकाची बरी नव्हती. त्याला त्याच दिवशी गाडीत घालून औरंगाबादला नेले.

तेव्हापासून आम्ही फिरतो आहोत. दवाखान्याचे कागद मुंबईला अडले, ती गोष्ट वेगळी. माझे रबर आता चिरले आहे आणि डॉक्टरांचे कान पहिल्यासारखे राहिले नाहीत. दर घराच्या दाराशी मला धास्ती वाटते, आपण उशिरा तर आलो नाही ना.

मित्रांनो, तुमच्या आजीच्या छातीला कुणी नळी लावली, तर आधी रेडिओ बंद करा. डॉक्टर कितीही मोठा असो, त्याला सांगा, "थांबा, आवाज हाय." आणि मग पुन्हा ऐकायला लावा.

पुसेगाव झाले. हट्टा झाले. जवळा बाजारच्या आसपासची अकरा गावे अजून तपासायची राहिली आहेत.