आडव्या रेषेतली बारा मिनिटं

मी आलेख. अंतर आणि वेळ यांचा. माझ्याकडे पाहून कुणाला डोंगर दिसतो, कुणाला घाट, एकाला तर शार्कचा पंखही दिसला. खरं सांगतो, माझा डोंगराशी काडीचा संबंध नाही.

माझा जन्म फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेच्या गृहपाठातून झाला. 'रोजचा प्रवास मोजा आणि काढा,' असं विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं. चौदा वर्षांच्या जोनालिननं ते भलतंच मनावर घेतलं. मानोंग तेबानच्या (आमच्याकडे मानोंग म्हणजे दादा, मानांग म्हणजे ताई) तीनचाकीत बसून शाळेला जाताना ती सोमवार ते शुक्रवार विजेचे खांब मोजत होती. दर मिनिटाला वहीत आकडा. शनिवारी तिनं चौकटींच्या कागदावर आडवी वेळ आणि उभं अंतर धरलं, पाच दिवसांच्या पाच रंगीत रेषा ओढल्या, आणि मी डोळे उघडले.

शुक्रवारची रेषा लाल. घरापासून तीन किलोमीटरपर्यंत बेताची तिरपी, मग बारा मिनिटं आडवी, मग शाळेपर्यंत अशी उभी की कागदालाच धाप लागावी.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी तेबानला बोलावून घेतलं. बलिनास बाई डोंगरातल्या गावातून नुकत्याच बदलून आलेल्या. शाळेमागेच राहायच्या, त्यामुळे तो रस्ता त्यांनी पाहिलेलाच नव्हता. तेबानच्या गाडीतली पाच मुलं आठवडाभर उशिरा येत होती. दुसरा गाडीवाला लावायचा, असं त्यांच्या मनात होतं.

"इंजिन म्हातारं झालंय, बाई," तेबान टोपी चुरगाळत म्हणाला. "माझ्यासारखंच. पळतच नाही."

मुलांचं म्हणणं ऐकायला जोनालिनलाही बोलावलं होतं. तिच्या हातात मी होतो. बाईंनी मला घेतलं, चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"अगोबाई! आधी चढ, मग जरा सपाटी, आणि शेवटी हा असला कडा? पाच मुलं घेऊन रोज हे चढता तुम्ही?"

तेबाननं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा छताकडे. "चढतो कसंतरी. शेवटच्या चढाला देवाचं नाव घेतो."

मला असं हसू फुटलं की बाईंच्या हातात मी फडफडलो. खिडकीबाहेर समुद्र दिसत होता! अख्खा रस्ता किनाऱ्याकिनाऱ्यानं जातो. त्यावर चढ म्हणाल तर एक गतिरोधक.

जोनालिन गप्पच बसणार होती. मानोंगचं काम जावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण आपला आलेख कुणी घाट म्हणून वाचावा, हे तिला सोसेना.

"बाई, तो डोंगर नाहीये. रेषा जितकी उभी, तितकी गाडी जोरात. शेवटी मानोंग इतकी पळवतात की मी डोळेच मिटते."

"आणि ही सपाटी?"

"तिथं घड्याळ पुढे जातंय, गाडी जातच नाहीये."

"मग गाडी आहे कुठे?"

जोनालिननं जीभ चावली. "मानांग सानिंगच्या टपरीवर. मानोंग तिथं खोबऱ्याची गरम बिबिंका खातात."

"बारा मिनिटं?"

"एकच खातात, बाई."

तेबानचे कान निखाऱ्यासारखे लाल झाले. बलिनास बाईंनी चष्मा काढला. "आणि वर इंजिनाच्या नावानं रडत होतात! पोरांना घेऊन असं पळवायचं? उद्या वेळेवर, आणि सावकाश. नाहीतर परवापासून दुसरा माणूस."

घरी जाताना जोनालिनला फार वाईट वाटत होतं. टपरीपाशी ती उतरली आणि तिनं मला सरळ सानिंगपुढे ठेवलं. सानिंग विधवा, आवाज खणखणीत. पिठाचे हात पुसून तिनं माझ्यावर बोट फिरवलं.

"सोमवारी चार मिनिटं, मंगळवारी सहा. मग आठ, दहा, बारा." तिनं गाडीआड लपलेल्या तेबानकडे पाहिलं. "अरे, असंच चाललं तर महिन्याभरानं पोरं शाळेत पोचतील ती जेवणाच्या सुट्टीत! आणि इतका वेळ बसून बोलतोस काय? 'खोबरं छान आहे.' पाचही दिवस तेच!"

"छानच असतं," तेबान पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन किलोमीटरवर टपरीच नव्हती. तेबानचा चेहरा उतरला, पण तो थांबला नाही आणि त्यानं गाडी पळवलीही नाही. शाळेच्या फाटकाशी पोचला तर समोर धूर, भाजल्या खोबऱ्याचा वास, आणि कमरेवर हात ठेवून सानिंग.

"पोरांना आत जाऊ दे," ती म्हणाली. "मग बस हवं तितकं."

त्या दिवशीची रेषा जोनालिननं हिरवी काढली. शाळेपर्यंत एकसारखी तिरपी, आणि आडवी झाली ती सगळ्यात वर, सहा किलोमीटरवर. तिथं ती कितीही लांबली तरी कुणाची तक्रार नव्हती. खुद्द बलिनास बाईंनीही घंटा होण्याआधी दोन बिबिंका खाल्ल्या.

जोनालिनला दहापैकी नऊ मिळाले. एक गुण गेला, कारण वेळ मिनिटांत आहे हे लिहायला ती विसरली होती. मग तिनं मला सानिंगला देऊन टाकलं. आता मी टपरीच्या फळीवर टाचलेला आहे. नारळाच्या दुधाचा डाग पडून माझी बुधवारची रेषा गुरुवारात मिसळली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "हा कुठला डोंगर?" तुम्ही तरी तसं करू नका. आधी माझ्या कडेला काय लिहिलंय ते वाचा, मग खुशाल चढा.

गेल्या रविवारी शाळा बंद होती. गिऱ्हाईक कुणीच नव्हतं. तेबान इस्त्रीचा सदरा घालून आला, बाकावर बसला, आणि खोबऱ्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. सानिंगनं हसून माझ्याकडे पाहिलं, टाचण्या काढल्या आणि मला भिंतीकडे तोंड करून लावलं.

तो किती वेळ बसला, विचारू नका. माझी पाठ कोरी आहे.