हात टेकायची जागा

आयुष्यात एकच पत्र आशील बुर्देंनी अनुत्तरित ठेवलं होतं. नाताळच्या साध्या शुभेच्छापत्रालाही दोन पानी उत्तर लिहिणारा हा माणूस; पण ओदेत प्रेव्हो नावाच्या बाईंचं ते पत्र अकरा वर्षं जाड शब्दकोशात पडून होतं. कोशाचा तो भाग उघडायचंच ते टाळत. त्या शनिवारी सकाळी मात्र पुलापाशी लागणाऱ्या माहितीफलकाच्या मजकुरातल्या एका जुन्या शब्दाचा अर्थ तपासायचा होता. कोश उघडला, आणि पत्र कॉफीच्या वाडग्याशेजारी येऊन पडलं.

वाचायची गरज नव्हती. पाठच होतं.

"मस्यू, तुमची पुलाबद्दलची पुस्तिका वाचली. दगडातल्या त्या खाचा मठातल्या साधूंच्या सुऱ्यांच्या नाहीत. त्या दोरांच्या आहेत. आमचा पडाव, मालाची ती सपाट होडी, काठावरून माझी आई ओढायची, आमच्याकडे घोडा नव्हता. छातीला पट्टा बांधून ती पुढे, तिच्या मागे मी, आणि वडील सुकाणूवर. पुलाखाली दोर कोपऱ्याला घासायचा, ओझं दुप्पट व्हायचं. दर वेळी ती तिथेच भिंतीला हात टेकायची. तिच्याआधीच्या बायकाही टेकत असणार, कारण दगड तिथे गुळगुळीत झालाय. एकदा बघून कळवाल का? गुडघ्यांमुळे मला येववत नाही. आईचं नाव झेली प्रेव्हो. तिचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे."

बुर्देंनी चाळीस वर्षं जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत कारकुनी केली होती. लग्न राहून गेलं. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांना कोणी फारसं ओळखतही नव्हतं. मग एका जुन्या नकाशावरून त्यांनी शोधून काढलं, की कालव्यावरचा पूल पडक्या मठाच्या दगडांनी बांधला आहे. तेवढं खरंच होतं. त्यावरून त्यांनी पुढचं ठरवलं: पुलाच्या कोपऱ्यावरच्या खाचा म्हणजे साधूंनी मठाच्या दाराच्या दगडी चौकटीवर सुऱ्या परजल्याच्या खुणा. बारा पानांची पुस्तिका झाली. सरपंचांनी हात हातात घेतला, आणि मठाच्या फाटकावर पाटी लागली: 'किल्ली मस्यू बुर्दे यांच्याकडे मिळेल.' तेव्हापासून त्यांच्या दारावरची घंटा वाजू लागली. दिवसातून एकदा, कधी दोनदा. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा. त्यांच्या घरी माणूस येई तो त्या किल्लीसाठी.

पत्राला उत्तर लिहायला ते किती वेळा बसले होते! 'तुमच्या आठवणीबद्दल आदर बाळगूनही' इथपर्यंत जात, आणि लेखणी थांबे. पुलाखाली जाऊन तो दगड बघणं तर त्यांनी कधीच केलं नव्हतं. तो तिथे नसेल याची नव्हे, असेल याची भीती होती.

नऊ वाजता सोलांज आली. ग्रामकचेरीची चिटणीस, सायकलवरून न उतरताच बोलणारी.

"झालं का बाळंतपण, मस्यू बुर्दे? तीन आठवडे कळा देताय!"

"एक शब्द जरा..."

"शब्दबिब्द राहू द्या. पोस्टाची गाडी बाराला येते. आज पाकीट कारखान्याकडे गेलं नाही, तर पुढच्या शनिवारी वारसा-दिनाला सरपंच नुसत्या खांबाची फीत कापतील." तिने त्यांच्या हातातला कागद जवळजवळ ओढूनच घेतला. "आणि खूश व्हा की जरा! फलक इनॅमलचा आहे, शंभर वर्षं टिकतो म्हणाला कारखानदार. तुम्ही गेलात, मी गेले, तरी तुमचे साधू सुऱ्या परजत बसणार."

ती हसत निघून गेली. शंभर वर्षं. बुर्दे कितीतरी वेळ दारातच उभे होते.

दहाला घंटा वाजली. सायकलींवर आलेलं एक निवृत्त जोडपं होतं. मठ बघून झाल्यावर बाईंनीच पुलाचं विचारलं.

"हिला दगड दिसला की जेवणाचं भान राहत नाही," नवरा म्हणाला. "हिने माझ्याऐवजी एखाद्या दगडी संताशीच लग्न करायला हवं होतं."

"आता काय कमी दगड आहात?" बाई म्हणाल्या, आणि चष्मा लावून खाचांपाशी वाकल्या.

कालव्याकाठची वाट तिथे कमानीत शिरते आणि अरुंद होते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भिंत. बुर्देंनी नेहमीचं सांगितलं. दार, साधू, सुऱ्या. अकरा वर्षांत वाक्यं घासून छान गोल झाली होती. बाईंनी वहीत एकेक शब्द उतरवून घेतला.

"हे तुम्ही स्वतः शोधलंत?"

"हो... म्हणजे... तसं मानायला जागा आहे."

"इतकं साधेपणाने सांगता! नातीच्या वर्गात सांगणार आहे मी हे. तुमचं नाव घालून."

बाईंनी विश्वास ठेवला नसता तर बरं झालं असतं. सायकली चिनारांच्या रांगेत दिसेनाशा झाल्या, तरी बुर्दे कमानीखालीच होते. एक वाळलेलं पान पाण्यावर हलत होतं, पुढे काही जात नव्हतं.

मग त्यांनी भिंत बघितली. खांद्याच्या उंचीवर खडबडीत दगड. छातीच्या उंचीवर तसाच. त्यांना हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. जायला वळले, तेव्हा लक्षात आलं की आपण उभे आहोत. भरलेला पडाव ओढणारी बाई उभी कशी असेल?

आजूबाजूला कोणी नाही हे त्यांनी दोनदा पाहिलं. मग छातीवर पट्टा असल्यासारखे पुढे झुकले; आणखी झुकले, तोल जाईपर्यंत. एक पाऊल, दुसरं पाऊल. कोपरा आला आणि डावा हात आपोआप भिंतीकडे गेला.

गुडघ्याच्या जरासा वर, तळहाताएवढा खळगा होता. साबणाच्या वापरलेल्या वडीसारखा गुळगुळीत आणि गार. त्यांचा हात त्यात बसला.

ते तसेच वाकून राहिले. पाठ दुखायला लागली तेव्हाच हात काढला.

बाराला दहा मिनिटं कमी असताना ते धापा टाकत कचेरीत शिरले. सोलांज पाकिटाला डिंक लावत होती.

"अहो, बसा आधी! चेहरा बघा तुमचा. कोण गेलं?"

"तो कागद परत दे."

"आता? मस्यू बुर्दे, मी हात जोडते..."

"चार ओळी. चारच बदलतो."

उभ्यानेच त्यांनी साधूंवर रेघ मारली आणि खाली लिहिलं. सोलांजने वाचलं: 'या खाचा पडाव ओढणाऱ्यांच्या दोरांनी पडल्या. कमानीतल्या भिंतीवर, खाली, हात टेकून गुळगुळीत झालेला दगड आहे. इथून पडाव ओढत गेलेल्यांपैकी एकीचं नाव झेली प्रेव्हो.'

"ही कोण?"

"पडाव ओढायची."

"आणि साधू?"

"नव्हते. मी चुकलो होतो."

सोलांजने त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"लोक हसतील हं," ती हळूच म्हणाली. "खाटीक तर सोडणारच नाही तुम्हाला. सगळ्या गिऱ्हाइकांना साधूंच्या सुऱ्या सांगतो तो. आणि सरपंचांच्या भाषणातही साधूच आहेत."

"किल्ली सरपंचांना हवी असेल तर मी आणून देईन."

"किल्लीचं कोण बोलतंय!" ती रागावली, आणि पाकीट घेऊन धावत बाहेर गेली.

घरी येऊन त्यांनी सूप गरम केलं, पण घेतलं नाही. कागद पुढे ओढला. या वेळी आदर वगैरे काही आलं नाही.

"मादाम प्रेव्हो, तुमचं बरोबर होतं. दगड सापडला. मी उभा राहून शोधत होतो म्हणून दिसला नाही. वाकल्यावर हाताला लागला. तुमच्या आईचं नाव आता तिथे लागेल. हे कळवायला मला अकरा वर्षं लागली. आशील बुर्दे."

अकरा वर्षांपूर्वी चालताना गुडघे दुखणारी बाई. आज त्या पत्त्यावर कोण असेल? बुर्देंनी तरीही पत्ता नीट, कचेरीतल्या अक्षरात लिहिला. पाकिटाच्या मागे स्वतःचाही लिहिला.

चौकात चिटपाखरू नव्हतं. चर्चच्या भिंतीतली पिवळी पेटी बाराच्या गाडीने रिकामी केली होती. पुन्हा उघडणार ती सोमवारी. त्यांनी पाकीट आत सरकवलं. तळाच्या पत्र्यावर ते पडल्याचा आवाज झाला.

बुर्दे थोडा वेळ तिथेच थांबले. मग डावा हात कोटाच्या खिशात घालून, कालव्याकडच्या रस्त्याने घरी निघाले.