पुसलेले तळे

मित्रांनो, माझ्या डाव्या कडेचा रंग उडाला आहे. पडद्यावर एक तिरपा ओरखडा आहे आणि आवाजाचे बटण दाबले तर आवाज कधी वाढतो, कधी नाही. मी एक हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा पाहिलाही नसेल. तरी माझी हकीकत ऐका, कारण ती माझ्यापेक्षा माझ्या माणसांची जास्त आहे.

पांढऱ्याशुभ्र उजेडाच्या एका कारखान्यात मी तयार झालो. एका यंत्राने माझ्या पोटात विजेच्या जोडण्यांची हिरवी पाटी बसवली, दुसऱ्याने पडदा चिकटवला. शेवटी एका बाईंनी मला हातात घेऊन माझे एकेक बटण दाबून पाहिले. एक बटण जरा अडकत होते. त्यांनी मला बाजूच्या रद्द मालाच्या खोक्यात टाकले नाही. ते बटण काढले, फुंकर मारली आणि पुन्हा बसवले. माणसाच्या हाताशी माझी ती पहिली ओळख.

मला विकत घेतले ते क्रेन चालवणाऱ्या एका गृहस्थांनी. मालाच्या यार्डात उंच केबिनमध्ये बसून ते घराएवढे कंटेनर उचलायचे आणि ठेवायचे. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. त्यांची नुकतीच बदली झाली होती आणि त्यांच्या मुलीला नव्या शाळेत अजून कोणी मैत्रीण मिळाली नव्हती. ही मुलगी एका जागी म्हणून बसत नसे. आत्ता खिडकीत, तर आत्ता कपाटावर. त्यामुळे घरात तिचे नाव पडले होते खारू.

मी घरात आलो आणि खारू पहिल्यांदा एका जागी बसली. आईला तर वाटले, हिला ताप आला की काय. आई एका छापखान्यात पुस्तकांच्या बांधणीचे काम करत असे. ती म्हणाली, "एवढा वेळ पुस्तक घेऊन बसली असती, तर मी पुस्तकं बांधायची सोडून हिचंच कौतुक करत बसले असते."

बाबा कामावरून आले की खारूच्या शेजारी टेकत. "तुझं यंत्र एवढंसं, माझं एवढं मोठं. पण काम दोघांचंही अंगठ्याचंच," ते म्हणत. "फरक इतकाच, की तुझा गडी पडला तर उठून उभा राहतो. माझा कंटेनर पडला तर मला घरी बसवतील."

खारू खो खो हसायची. ती वर्षे माझी चांगली गेली. ती मला उशीजवळ ठेवायची, मऊ फडक्याने पुसायची, आणि पुढे मैत्रिणी झाल्या तेव्हा त्यांनाही सांगून ठेवायची, "हळू हं, तो माझा आहे."

मग घरात मोबाइल आला. त्यावर खेळ होते, गाणी होती, मैत्रिणी होत्या. माझी रवानगी एका खणात झाली. तिथे बंद पडलेला रिमोट होता, कशाच्या आहेत ते कोणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या होत्या आणि एका दांडीचा चष्मा होता. मला कोणी टाकून दिले नाही. नुसते विसरले. खारू मोठी झाली, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमासाठी दुसऱ्या गावी वसतिगृहात राहायला गेली, आणि मला ते खणाच्या फटीतून ऐकून कळले.

पुढे एके दिवशी खण उघडला तो आईने. तिचे हात घाईत होते. तिने किल्ल्या बाजूला सारल्या, मला बाहेर काढले आणि पदराने पुसले.

बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला होता, पण उजवा हात लुळा पडला होता आणि शब्द अडकू लागले होते. वस्तू डोळ्यांसमोर असे, ती कशासाठी आहे तेही कळे, नाव मात्र तोंडात येत नसे. "ते... ते..." म्हणत ते बोट दाखवत आणि मग स्वतःवरच चिडून भिंतीकडे तोंड फिरवत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडमनी रबरी चेंडू दिला होता. बाबांनी तो फेकून दिला.

"चेंडू नको तर नको," मॅडम आईला म्हणाल्या. "दुसरं काहीतरी शोधा. अंगठा हलला पाहिजे आणि त्यांना कंटाळा येता कामा नये, एवढंच."

तेव्हा आईला मी आठवलो.

माझ्याजवळ खारूच्या लहानपणचे धावाधावीचे खेळ होते, ते बाबांना झेपेनात. खेळाची एक चकती मात्र तिने कधी फारशी लावलीच नव्हती. तिच्यात एक तळे होते. अंगठा हलवला की पाण्यात खाद्य पडे आणि मासे वर येत. हरणे नाही, जिंकणे नाही, घाई नाही. मासा मोठा झाला की त्याला नाव देता येई. त्यासाठी पडद्यावर अक्षरे उमटत आणि त्यांतले एकेक निवडावे लागे.

पहिल्या माशाचे नाव पडले चमचा.

त्याचे असे झाले. सकाळी बाबांना चमचा हवा होता आणि शब्द काही येईना. दुपारी ते मला घेऊन बसले. त्यांचा अंगठा थरथरत होता. एक अक्षर निवडायचे आणि तो भलत्याच अक्षरावर घसरायचा. तरी ते पुन्हा मागे यायचे. संध्याकाळपर्यंत तीन अक्षरे उभी राहिली. बाबांनी ती मोठ्याने वाचली. "चम... चा."

आई हातातले भांडे तसेच घेऊन धावत आली.

त्या दिवसापासून बाबांचा क्रमच ठरला. जो शब्द हुलकावणी देई, त्याचा मासा करायचा. उशी झाली, पायरी झाली, कुलूप झाले. मासा झालेला शब्द बाबांना सहसा सोडून जात नसे. आई कामावरून आली की विचारायची, "अहो, कुलपाला खायला घातलंत का? बघा कसा कोपऱ्यात रुसून बसलाय." बाबा अर्ध्या ओठांनी हसायचे आणि कुलपाला खाद्य टाकायचे. मी तयार झालो तो मुलांसाठी. पण इतका उपयोग माझा कोणाला झाला नव्हता.

एका सोनेरी माशाला मात्र नाव नव्हते. बाबा अक्षरे उघडत, 'ख'पाशी जात आणि थांबत. लेकीचेच नाव त्यांना साधत नव्हते. फोनवर ते तिला 'बाळ' म्हणत. एकदा तिने फोनवरच आईला विचारलेले मी ऐकले, "बाबांना माझं नाव आठवत नाही का गं?" आई म्हणाली, "येईल, येईल." आणि विषय बदलला.

खारू सुट्टीला यायची होती त्याच्या आदल्या दिवशी बाबांचा अंगठा 'ख'पाशी गेला आणि थांबला नाही. काना दिला. मग 'र'. मग बराच वेळ शोधून उकार. बाबांनी वाचले, अगदी हळू, "खारू." पुन्हा एकदा वाचले. आईची चाहूल लागली तसे त्यांनी मला मांडीवर पालथे घातले. तिलाही त्यांनी सांगितले नाही. हे आधी लेकीला दाखवायचे होते.

खारू आली ती प्रवासाने आंबून गेलेली. बाबांनी मला हातात घेतले होते, तोंड उघडले होते, पण शब्द जुळेपर्यंत ती सतरंजीवर झोपून गेली होती. बाबांनी मला चार्जिंगला लावून ठेवले. सकाळी आई त्यांना तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेली.

खारूने मला पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. "अरे, तू अजून जिवंत?" ती म्हणाली. माशांच्या नावांची गोष्ट फोनवर तिला कोणी सांगितली नव्हती. तळ्याची चकती माझ्या पोटात पाहून तिला वाईट वाटले. बिचारे बाबा, दिवसभर हेच खेळत बसतात, असे तिच्या मनात आले असावे. कारण ती लगेच कामाला लागली.

मित्रांनो, मी कोण, माझ्या बटणांनी काय करायचे, हे मला सांगणारी जी माझ्यातली मूळ समज असते, तिला फर्मवेअर म्हणतात. कारखान्यात भरलेली समज काढून दुसऱ्या कोणी लिहिलेली भरली, की ते झाले कस्टम फर्मवेअर. मग मला एम्युलेटर चालवता येतात, म्हणजे माझ्याहून जुन्या यंत्रांचे सोंग घेता येते. खारू हे वसतिगृहातल्या मैत्रिणींकडून शिकली होती. तरुणपणी बाबा यार्डाच्या कॅन्टीनमध्ये उभ्या कपाटाएवढ्या यंत्रावर विमानाचा एक खेळ खेळत, त्याच्या गोष्टी तिने लहानपणी पुष्कळ ऐकल्या होत्या. तो खेळ तिला आणखी शेकडो जुन्या खेळांच्या गठ्ठ्यात मिळाला होता. बाबा घरी येईपर्यंत तो सारा गठ्ठा माझ्यात घालायचा, असा तिचा बेत होता.

तिने सूचना उघडल्या. पहिल्याच ओळीत लिहिले होते, आधी आपले जुने सारे दुसरीकडे जपून ठेवा.

"यात काय जपायचंय," ती स्वतःशीच म्हणाली आणि खालच्या ओळीवर गेली.

खेळ चकतीवर असतो, पण खेळलेले सारे माझ्या मेमरी कार्डात असते. जुने कार्ड नव्या कामासाठी कोरे करावे लागणार होते. मला ओरडता येत नाही. मला एकच प्रश्न विचारता येत होता, तो मी पडद्यावर आणला. कार्डातील सर्व माहिती पुसली जाईल, पुढे जायचे का?

खारूने 'हो' दाबले.

आधी चमचा गेला की कुलूप, मला कळले नाही. सगळे एकदमच गेले. मग नवी समज माझ्यात उतरू लागली. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली आणि मध्येच मी बंद पडू नये म्हणून खारू श्वास रोखून वायर धरून बसली. तिने ते काम फार नीट केले. कुठे एक चूक झाली नाही. आजही मला त्याच गोष्टीचे वाईट वाटते. तिचा हात सुरुवातीलाच जरा चुकला असता, तर ती पहिल्या ओळीपाशी परत आली असती.

बाबा आले. "बाबा, डोळे मिटा," खारू म्हणाली आणि मला त्यांच्या हातात ठेवले. विमानाच्या खेळाची धून वाजली. बाबांनी डोळे उघडले आणि खरेच हसले. त्यांनी ती धून ओळखली होती. पण विमान सुसाट होते आणि अंगठा हळू. ते पडले. पुन्हा पडले. खारू म्हणत राहिली, "जमेल बाबा, डावीकडे, डावीकडे घ्या." थोड्या वेळाने बाबांनी मान हलवली आणि मागे जायचे बटण शोधू लागले.

"तळं," ते म्हणाले.

खारूने चकती चालू करून दिली. तळे आले. त्यात पाणी होते, काठावरचे गवत होते. मासा एकही नव्हता.

बाबांनी खाद्य टाकले. ते पाण्यावर तरंगत राहिले. त्यांनी पुन्हा टाकले.

"ते पुसलं गेलं बाबा," खारू म्हणाली. "परत होतील की मासे. त्यात काय एवढं?"

आई दारातच उभी होती, पायांत चपला तशाच. तिने खारूला दंडाला धरून आत नेले. आत काय बोलणे झाले ते मला तुटक ऐकू आले. "एकेक शब्द होता तो, खारू. एकेक शब्द."

खारूने हातपाय गाळले नाहीत. पुसलेले परत आणणारे प्रोग्राम तिने चालवून पाहिले. मग कार्ड घेऊन ती संगणक दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदाराने दुपारभर खटपट केली आणि कार्ड तिच्यापुढे सरकवले. "नुसतं पुसलं असतं तर काढलं असतं ताई. त्याच्यावर दुसरं लिहिलं गेलंय. एवढे खेळ कशाला भरलेत?"

घरी येऊन ती बाबांच्या पायाशी बसली. "बाबा, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं."

बाबांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. "असू... दे, बाळ."

खारूने त्यांच्यासाठी नवे तळे सुरू केले. पहिला मासा वाढवला, अक्षरे उघडून दिली आणि वाट पाहत बसली. बाबांनी मला हातात घेतले, थोडा वेळ पाण्याकडे पाहिले आणि खिडकीत ठेवून दिले. पुढे ते चेंडूच दाबत राहिले. हात पुष्कळ सुधारला. शब्दही थोडे आले, थोडे राहिले. लेकीला ते आजही 'बाळ'च म्हणतात. तिला वाटते, आजाराने तिचे नाव कायमचे नेले. ते परत आले होते, दोनदा उच्चारलेही गेले होते, हे फक्त मला आणि बाबांना ठाऊक आहे. मला बोलता येत नाही, आणि इतके लांबलचक सांगणे त्यांना जमत नाही.

माझ्यात आता शेकडो खेळ आहेत. ते कोणी खेळत नाही. खारू कानाच्या यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करते आणि मी तिच्या टेबलावर, सोल्डरिंगच्या तारेशेजारी असतो. परवा एक आजी आपले यंत्र घेऊन आल्या. खरखर करतं, म्हणाल्या. नवी सेटिंग भरली की काम पाच मिनिटांचे होते. खारूने यंत्र उघडण्याआधी विचारले, "आजी, आत्ता यात जसं ऐकू येतं, त्यातलं काही तुम्हाला तसंच ठेवायचंय का?"

आजी विचारात पडल्या. मागे माणसे खोळंबली होती. खारूने हत्यार खाली ठेवले आणि हाताची घडी घालून बसून राहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तूत नवे जरूर भरा. त्यात वाईट काही नाही. पण ती ज्याच्या हातातली असेल त्याला आधी विचारा, यात तुमचे काय आहे. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.